नायक (साहित्य)

नायक म्हणजे नाटक, महाकाव्य, कथा, कादंबरी किंवा चित्रपट यांतील प्रमुख पुरुषपात्र होय. प्रमुख स्त्रीपात्रास नायिका म्हणतात. व्यवहारात 'नायक' या शब्दाबरोबर सद्गुण आणि शौर्य यांची कल्पना जोडली जाते; मूळ शब्दाचा अर्थ मात्र 'नेणारा' एवढाच आहे.

व्युत्पत्ती

'नी' (नेणे) या संस्कृत धातूला 'अक' हा कर्तृवाचक प्रत्यय लागून नायक शब्द सिद्ध होतो. धातूतील ईकाराची वृद्धी होऊन 'नै' होते आणि पुढे स्वर आल्यामुळे त्याचे 'नाय्' होते. नेता, नेत्र, प्रणय व अभिनय हे शब्दही याच धातूपासून आले आहेत. अभिनय नाट्यार्थाला प्रेक्षकांकडे नेतो, तर नायक कथानकाला फलप्राप्तीकडे नेतो.

नाट्यशास्त्रातील विचार

धनंजयाने १०व्या शतकात रचलेल्या 'दशरूपक' या ग्रंथात रूपकांचे भेद वस्तू, नेता व रस या तीन तत्त्वांवरून केले आहेत. येथे नेता म्हणजेच नायक. त्याचे चार प्रकार मानले जातात :

* धीरोदात्त – गंभीर, क्षमाशील, दृढव्रती, उदा. राम
* धीरललित – निश्चिंत, कलासक्त, उदा. 'रत्नावली'तील उदयन
* धीरप्रशांत – शांत वृत्तीचा, उदा. 'मृच्छकटिका'तील चारुदत्त
* धीरोद्धत – गर्विष्ठ, क्रोधी, उदा. परशुराम

गर्व आणि क्रोध असलेल्या पात्रालाही या वर्गीकरणात स्थान आहे. नायकाला विरोध करणाऱ्या पात्रास प्रतिनायक म्हणतात.

नायक कोण, हे ठरवणे नेहमीच सोपे नसते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात सर्व डावपेच चाणक्य आखतो. परंतु राक्षसासारखा अमात्य मिळून राज्य स्थिर होते ते चंद्रगुप्ताचे. कथानक नेणाऱ्यास महत्त्व द्यावे की फळ मिळणाऱ्यास, यावर येथील नायकाचा निर्णय अवलंबून असल्याने अभ्यासकांत मतभेद आहेत.

मराठीतील वापर

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' (१९१९) या नाटकातील सुधाकर मद्यपानामुळे स्वतःचा व कुटुंबाचा नाश ओढवून घेतो. त्याचे आचरण अनुकरणीय नाही. तरीही नाटकाची गती त्याच्याच अधःपतनातून निर्माण होते, म्हणून तो नायक ठरतो.

साहित्याबाहेर 'पुढारी' या अर्थाने हा शब्द लोकनायक, गणनायक अशा समासांत येतो. नाईक हे त्याचेच मराठी रूप असून ते आडनाव म्हणूनही प्रचलित आहे. भारतीय सैन्यात नायक हे हवालदाराच्या खालचे पद आहे. 'नायकीण' या शब्दास मात्र मराठीत गाण्या-नाचण्यावर उपजीविका करणारी कलावंतीण असा अर्थ प्राप्त झाला; त्यामुळे 'नायिका' आणि 'नायकीण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.