मामांचे सी हॉक

नंदुरबारला समुद्र नाही. पाणी पाहावेसे वाटले तर आम्ही प्रकाशाला तापीकाठी जातो, आणि पाहुणा फारच हौशी निघाला तर तोरणमाळचा यशवंत तलाव दाखवतो. अशा गावात, आमच्या अडीच खोल्यांच्या बिऱ्हाडात, विमानवाहू जहाजावरचे एक लढाऊ विमान उतरले त्याची ही हकिगत आहे.

चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. आषाढातल्या पावसात ते रात्ररात्र खोलीचे दार लावून बसू लागले, तेव्हा सौभाग्यवतीला वाटले अभ्यास वाढला, आणि मला वाटले काहीतरी भलतेच. एका रात्री मी दार ढकलले. पडद्यावर एका विमानाचा सांगाडा हळूहळू फिरत होता.

“बाबा, हे सी हॉक. आपल्या पहिल्या विक्रांतवरचं. मी सिम्युलेटरसाठी तयार करतोय.”

बाप म्हणून मी जो पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच मूर्खपणाचा होता. “परीक्षेत याला गुण किती?”

सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा आभास. मायक्रोसॉफ्टचा असा कार्यक्रम १९८२ सालीच बाजारात आला. आता त्यात उपग्रहातून आणि विमानातून टिपलेल्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केलेली असते. जी विमाने कंपनीने दिलेली नसतात ती हौशी माणसे घरी बसून घडवतात. या कामाची रीत मला कळली ती आकाशकंदिलामुळे. आधी कामट्यांचा सांगाडा बांधायचा, मग कागद चिकटवायचा, मग नक्षी काढायची. ब्लेंडर नावाच्या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कामट्यांच्या जागी रेघांची जाळी असते, इतकेच. कागद मात्र उलट्या रीतीने लागतो. संत्र्याची साल अखंड सोलून ताटात सपाट पसरावी तशी विमानाची कातडी पसरायची, तिच्यावर रंग, खिळे, आकडे काढायचे आणि ती पुन्हा अंगावर चढवायची. एवढे करूनही ते उडत नाही. वजन किती, तोल कुठे, कोणत्या वेगाला पंख किती उचल देतात, हे आकड्यांनी लिहून द्यावे लागते. आमचे पहिले विमान धावपट्टीवर ठेवताच शेपटावर बसले, कारण तोलबिंदू चाकांच्या मागे पडला होता. घरात महिनाभराने प्रथमच सगळे एकत्र हसलो.

दिवाळीच्या आधी माझे मामा शहाद्याहून आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, कान मंद. त्यांचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते, एवढेच आमच्या मुलाला ठाऊक. चहाचा कप हातात घेऊन ते खोलीच्या दारात थबकले आणि म्हणाले, “शेपटीतून धूर काढलास? तिथं तर इंधनाची टाकी असते.”

चिरंजिवांनी दुसऱ्या एका जेट विमानाचा सांगाडा घेऊन काम सुरू केले होते, त्याचे मागचे भोक तसेच राहिले होते. सी हॉकची खुबी नेमकी इथेच. रोल्स रॉइसच्या नेने एंजिनातून निघणारा झोत त्याच्या रचनाकारांनी दुभंगला आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी दोन बाजूंनी बाहेर काढला. त्यामुळे मागचे धड इंधनासाठी मोकळे झाले.

मामा १९६६ साली, सतराव्या वर्षी, घरी न सांगता मुंबईला जाऊन नौदलात भरती झाले होते. पुढे पंधरा वर्षे विमानांची देखभाल केली. आमच्या आजोबांनी त्यांच्याशी बोलणे टाकले होते, आणि त्या अबोल्यामुळे असेल, मामाही त्या वर्षांबद्दल कधी बोलले नाहीत. मीही विचारले नव्हते. वर्गात मुलांना आत्मचरित्रे शिकवतो आणि घरातले एक न लिहिलेले तसेच पडले होते, हे मला लाजिरवाणे वाटले.

विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला आपल्या नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात तिच्यावर पहिले जेट उतरले; वैमानिक होते लेफ्टनंट ताहिलियानी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. १९७१च्या ४ डिसेंबरला याच जातीच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले चढवले. मामा तेव्हा जहाजावर होते. त्या दिवसाबद्दल मुलाने खोदून खोदून विचारले, तर उत्तर एवढेच मिळाले : “गेलेली मोजायची, आलेली मोजायची. मधे चहा गळ्याखाली उतरायचा नाही.”

विमानाबद्दल मात्र ते बोलू लागले. एकोणचाळीस फुटांचा पंखविस्तार दुमडला की साडेतेरा फुटांच्या आत येतो, तो उघडल्यावर कुलूप बसले की नाही ते डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढे जाऊ द्यायचे नाही. मुलाने पंखांची घडी हलती केली, तर म्हणाले, फार भरभर होते, जडपणा कुठे आहे? आवाज त्यांना नीट ऐकू येईना. त्यांनी तळहात टेबलावर टेकवला, डोळे मिटले आणि मान हलवली : “नाही. हा पंख्याचा.” रंग पाहून तर ते हसलेच. “इतकं स्वच्छ? अरे, हे नवरदेव झालं. झोताच्या मागे काजळी हवी. आणि समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचं, मीठ राहिलं तर पत्रा खातं.”

नाताळच्या सुटीत आम्ही तिघे गोव्याला गेलो. बोगमाळोचे नौदल हवाई संग्रहालय १९९८ सालचे, म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्याच वयाचे! मुलाने सी हॉकचे चहूबाजूंनी दोनशेवर फोटो घेतले. मामा हात पाठीशी बांधून उभे होते. मग हळूच पुढे झाले आणि पंखाच्या घडीच्या सांध्याकडे खालून वाकून पाहू लागले. बराच वेळ. परतताना गाडीत ते मला म्हणाले, “माय गावात सांगायची, माझा पोरगा विमान चालवतो. मी सुटीवर आलो की बाया बघायला यायच्या. मी कधी खोडलं नाही. एका माणसाचं विमान ते, आम्हाला कोण बसवणार? पुसली तेवढीच.”

चिरंजीव खिडकीबाहेर पाहत होते. ऐकत नसावेत असे मला वाटले.

होळीच्या सुमारास विमान उडण्याजोगे झाले. मामांना बोलावणे धाडले. मुलाने त्यांना खुर्चीत बसवले, हातात दांडा दिला आणि सुरतेच्या विमानतळावरून उड्डाण मांडले. मामांनी आधी विचारले, “कुलूप बघितलंस?” मुलाने पंख जवळून दाखवले. मग मुलाच्या मदतीने ते वर गेले, समुद्रावर एक वेडेवाकडे वळण घेतले आणि तापी धरून पूर्वेला निघाले. दोनदा विमान कलंडता कलंडता वाचले. उकाईचे पाणी आले आणि गेले. मला एसटीने जो प्रवास अर्ध्या दिवसाचा वाटतो तो दहाबारा मिनिटांत संपला.

“आजोबा, ते प्रकाशा. गोमाईचा संगम.”

मामांनी एक पंख खाली केला. पडद्यावर नदीकाठी करड्या छपरांचा पुंजका होता. त्यातले आमच्या आजोळचे घर कोणते ते देवालाही ओळखता आले नसते. त्यांनी गावाला एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी विमान इतके खाली आणले की सौभाग्यवतीने दारातून “अहो मामा!” म्हणून हाक मारली. ते काहीच बोलले नाहीत. फक्त हनुवटी थरथरत होती, आणि मी खिडकीकडे गेलो.

सुरतेला परत उतरवले ते मुलानेच. तो कार्यक्रम बंद करणार तोच मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब. आधी धू त्याला. समुद्रावरून आलंय.”

धुण्याची सोय मुलाने केलेली नव्हती. त्याने वही ओढली आणि कामांच्या यादीत ते लिहून घेतले.