हेर, भुते आणि जादूगार

"सध्या काय वाचतोस?" असे विचारले, की आपल्या वर्गातली मोठी मुले बहुतेक वेळा एखाद्या रहस्यकथेचे, भयकथेचे नाहीतर जादूच्या दुनियेतल्या कादंबरीचे नाव सांगतात. ते ऐकून आपण पालक "त्यापेक्षा काहीतरी चांगले वाच," असे म्हणून मोकळे होतो. पण या प्रकारांतही चांगले आणि टाकाऊ असे दोन्ही असतेच. ते ओळखायचे कसे, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. गेल्या काही महिन्यांत आम्ही घरी या तिन्ही प्रकारांतल्या काही गाजलेल्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या. त्यावरून आमचे जे मत बनले ते इथे मांडत आहोत. शेवट एकाही पुस्तकाचा सांगणार नाही, तेव्हा मुलांनी बिनधास्त वाचावे.

आमचे मत थोडक्यात असे : या तिन्ही प्रकारांत लेखक सुरुवातीलाच काही नियम घालून देतो. ते नियम त्याने शेवटपर्यंत पाळले तर पुस्तक चांगले. अडचण आली म्हणून मधेच बदलले तर ते टाकाऊ. आम्ही प्रोग्राम लिहिणारी माणसे असल्यामुळे आम्हाला नियमांचे जरा जास्तच प्रेम आहे, असे कोणी म्हणेल. पण एकेक प्रकार घेऊन पाहू.

रहस्यकथा : वाचकापासून काही लपवायचे नाही

रहस्यकथेचा मुख्य नियम हा, की जे हेराला दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने रहस्यकथेसाठी दहा नियम लिहून काढले. नॉक्स स्वतः धर्मगुरू होता, पण त्याच्या नियमांत भुताखेतांना आणि दैवी शक्तींना साफ बंदी आहे! हेराला सापडलेला सुगावा लगेच वाचकापुढे ठेवला पाहिजे, हाही त्यातलाच एक नियम.

आर्थर कॉनन डॉइलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्सची कादंबरी १९०२ साली पुस्तकरूपाने आली, म्हणजे नॉक्सच्या नियमांच्या कितीतरी आधी. तरी सुगावा वाचकापुढे कसा ठेवावा याचा तो उत्तम नमुना आहे. लंडनच्या हॉटेलात उतरलेल्या सर हेन्रींचा एक बूट चोरीला जातो. तो कोरा असतो, एकदाही न घातलेला. मग त्यांचा दुसरा एक बूट जातो, तो मात्र जुना, वापरलेला. आणि त्यानंतर तो कोरा बूट खोलीतच परत सापडतो. चोराला नवा बूट नको होता, जुनाच हवा होता. असे का? इथेच पुस्तक मिटून पाच मिनिटे विचार करा. कादंबरीतले अर्धे कोडे या बुटात आहे, आणि ते लेखकाने पहिल्या काही प्रकरणांतच आपल्या हाती दिले आहे. आपण मात्र डार्टमूरच्या माळावरचे धुके आणि शापाची जुनी दंतकथा यांत गुंगून बूट विसरून जातो.

अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) या कादंबरीवर आमच्या घरी जोरदार वाद झाला. शेवट वाचल्यावर "ही फसवणूक आहे," असे एका पक्षाचे म्हणणे पडले. दुसऱ्या पक्षाने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले आणि खोटे म्हणावे असे एक तरी वाक्य दाखवा, असे आव्हान दिले. तसे वाक्य सापडले नाही. लेखिकेने काही गोष्टी न सांगता ओलांडल्या आहेत, पण जे सांगितले ते खरेच सांगितले आहे. आमच्या मते ती नियमाच्या रेषेवरून चालली, रेषा तिने ओलांडली नाही. तुम्ही वाचा आणि ठरवा.

आपल्याकडचे बाबूराव अर्नाळकर मात्र वेगळ्या जातीचे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी लायब्ररीतून आणून रात्रीत संपवलेले आहेत. या गोष्टी बसून सुगावे जुळवण्यासाठी नाहीत, धावण्यासाठी आहेत. त्यांचा नियम एकच : वेग कमी होता कामा नये. तेव्हा होम्सची फूटपट्टी झुंजारला लावू नये. प्रत्येक पुस्तकाला त्याने स्वतः कबूल केलेल्या नियमानेच मोजावे.

भयकथा : भुतालाही मर्यादा हवी

भयकथेत भुताने वाटेल ते करावे, असे पुष्कळांना वाटते. खरे तर ज्या भुताला सगळेच शक्य असते त्याची भीती वाटत नाही, नुसता कंटाळा येतो. आपल्या आज्यांना हे नीट ठाऊक होते. मुंजा पिंपळावरच राहतो, हडळीची पावले उलटी असतात. म्हणजे कुठे जपायचे आणि काय पाहून ओळखायचे, हे ठरलेले असते. भीती त्या मर्यादेच्या सीमेवर असते.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) आम्ही या दृष्टीने वाचली. ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. घरातल्या कोणीतरी आधी बोलावल्याशिवाय त्याला त्या घरात पाऊल टाकता येत नाही. वाहते पाणी त्याला भरती-ओहोटीच्या ठराविक वेळीच ओलांडता येते. गंमत म्हणजे, सूर्यप्रकाशाने तो मरतो ही समजूत या पुस्तकातली नाही. ती १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून रूढ झाली. कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरताना दिसतो, फक्त दिवसा त्याची शक्ती चालत नाही.

ही कादंबरी सरळ निवेदनात नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणे आणि एका डॉक्टरने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, यांतून ती उलगडते. मीना नावाची तरुणी हे सगळे टाइप करून तारखांप्रमाणे लावते, आणि तेव्हा कुठे सगळ्यांना शत्रू कसा आहे ते समजते. मग तिच्याबरोबरचे पुरुष ठरवतात, की बाईमाणसाला जास्त काही सांगून घाबरवू नये. ते तिच्यापासून गोष्टी लपवू लागतात आणि नेमके त्याच दिवसांत तिच्यावर संकट येते. आम्हाला या पुस्तकातली सगळ्यांत खरी गोष्ट ही वाटली. दातांपेक्षा लपवाछपवीने जास्त घात केला.

पुस्तकात उणेही आहे. पहिली चार प्रकरणे, म्हणजे जोनाथन हार्करची किल्ल्यातली रोजनिशी, अप्रतिम आहेत. शेवटचा पाठलाग मात्र फारच लांबला आहे. लहान मुलांनी हे पुस्तक एवढ्यात वाचू नये. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना चालेल, पण एखाद्या मोठ्या माणसाने ते सोबत वाचावे.

रक्तपिपासूंची हीच कल्पना स्टीफन किंगने 'सालेम्स लॉट' (१९७५) मध्ये अमेरिकेतल्या एका लहान गावात नेली, आणि नारायण धारपांनी त्यावर बेतून 'लुचाई' लिहिली. मोठ्यांनी ही तिन्ही पुस्तके ओळीने वाचून पाहावीत. एकच भीती देश बदलते तेव्हा काय टिकते आणि काय गळून पडते, ते चांगले कळते.

जादूची दुनिया : प्रत्येक मंत्राची किंमत

जादूच्या कादंबरीत लेखक अख्खे जगच नवे बनवतो, म्हणून तिथे नियम सर्वांत कडक हवेत. नायक संकटात सापडला की आयत्या वेळी नवा मंत्र आठवणार असेल, तर त्याच्या संकटाची आपण काळजी का करावी?

या कसोटीवर आम्हाला सर्वांत आवडलेले पुस्तक म्हणजे उर्सुला ल ग्विन यांचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). बेटांच्या या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला आणि माणसाला एक खरे नाव असते. ज्याला ते ठाऊक त्याची सत्ता चालते. म्हणून माणसे खरे नाव अगदी विश्वासातल्यांनाच सांगतात आणि टोपणनावाने वावरतात. आपल्याकडे पत्रिकेतले नावरस नाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे असते, त्यामुळे आमच्या मुलांना ही कल्पना पटकन समजली. शिवाय इथे जादूला किंमत आहे : एका ठिकाणी पाऊस पाडला, तर दुसरीकडे कुठेतरी कोरड पडू शकते. गेड नावाचा हुशार पण गर्विष्ठ मुलगा बरोबरीच्या मुलाला हिणवण्यासाठी नको तो मंत्र म्हणतो आणि एक सावली जगात मोकळी सुटते. पुढचे सगळे पुस्तक त्या एका चुकीचा हिशेब आहे. लढाया नाहीत, सैन्ये नाहीत, तरी पुस्तक खाली ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. गेडचा रंग तांबूस सावळा आहे आणि त्याचा जिवलग मित्र तर त्याहून काळा. लेखिकेने हे जाणूनबुजून केले होते. तरीही पुस्तकाच्या काही आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गेडला गोरा दाखवले गेले, आणि त्याबद्दल त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती.

आता मराठीचा प्रश्न

ही पुस्तके मुले इंग्रजीत वाचतात आणि वाचत राहणार. यात मराठी वर्गाचा काय संबंध? आमच्या अनुभवाने बराच आहे. घरात आपण मुलांशी जे मराठी बोलतो ते "जेवायला ये", "बूट घाल", "गृहपाठ झाला का" एवढ्यातच फिरते. त्या मराठीत विचार करायची वेळच येत नाही. पण बुटाचे कोडे मराठीतून समजावून सांगायचे झाले, की "जर चोराला बूट विकायचा असता, तर त्याने नवा परत का केला असता?" असे वाक्य जुळवावेच लागते. ड्रॅक्युलाचा किल्ला सांगताना चाहूल, कुजबुज, काळोख, सावट हे शब्द लागतात. गेडची गोष्ट सांगताना गर्व, पश्चात्ताप आणि किंमत हे शब्द लागतात. हे शब्द रोजच्या जेवणाखाण्याच्या बोलण्यात येत नाहीत, आणि जे शब्द लागत नाहीत ते मुलांच्या तोंडून हळूहळू नाहीसे होतात.

ज्यांना मराठीतूनच वाचायचे आहे त्यांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून सुरुवात करावी. फुरसुंगीचा हा बनेश सायकलवरून अशा वेगाने धावतो, की जोडाक्षरे अडवायला लागायच्या आत प्रकरण संपलेले असते.

पालकांना एक विनंती. मूल पुढच्या वेळी भुताचे पुस्तक घेऊन बसले तर ते काढून घेऊ नका. त्याला तीन प्रश्न विचारा : लेखकाने नियम कोणते घातले? ते पाळले का? आणि ते पाळले नसते तर काय झाले असते? प्रश्न मराठीत विचारा, आणि उत्तर मराठीत येईपर्यंत थांबा.