चवड्याला जागा नाही

यंदा जूनमध्ये नातवाच्या शाळेची यादी आली. पोर तीन वर्षांचं आणि यादीत काळे, बंद, पॉलिशचे बूट सक्तीचे, तेही भर पावसात. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझ्या लहानपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. निम्मा वेळ अनवाणी, उरलेला रबरी स्लिपरांत. शाळेचे बूट वाढत्या अंगाचे, म्हणून पुढे कापसाचा बोळा. पुढे आलेल्या लुकलुकत्या दिव्यांच्या बुटांबद्दल न बोललेलंच बरं.

नव्वदचं दशक मात्र डोक्यातून जात नाही. लेकीचे पाय सपाट दिसतात म्हणून एका डॉक्टरांनी घोट्यापर्यंतचे, आतून कमानीला उठाव दिलेले जड बूट लिहून दिले. चार वर्षांची पोर ती लोढणी ओढत अंगणात फिरायची. वास्तविक संशोधक वेंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९८९ सालीच छापलं होतं की, लवचीक सपाट पायांना असे बूट तीन वर्षं घातले काय, न घातले काय, फरक पडत नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ यांनी तर १९९२ मध्ये छापलेल्या पाहणीत ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पायताण वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८. सर्वांत वाईट बंद बूट! आमच्या डॉक्टरांपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. फी मात्र वेळेवर पोचत होती.

लहानग्याच्या तळव्यात चरबी असते, कमान सावकाश उमटते. चवड्यावर उभं केल्यावर ती दिसली, तर सहसा काळजी नसते. पाय दुखतो, ताठर आहे, तर गोष्ट वेगळी. काचा, खिळे, तापलेलं डांबर यांसाठी पायताण हवंच. पण ते मऊ, हलकं, बोटं पसरतील इतकं रुंद हवं.

आमच्या गल्लीतले चप्पलवाले काका मुलाला पुठ्ठ्यावर उभं करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवत. मोठं पाऊल धरत, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडत. तळ चवड्यापाशी वाकवून दाखवत. त्यांच्या टपरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. बूटही मोबाइलवरच मागवतात, वय टाकून. जणू तीन वर्षांच्या सगळ्या पोरांना एकच पाऊल दिलंय देवाने. आणि ज्यात बोटं पसरतात, तळ वाकतो, असे ‘बेअरफूट’ बूट हजारोंच्या किमतीला विकतात. अनवाणीपणाचेही पैसे मोजायचे!