पाठीवरचा लीफ ब्लोअर : रचना, बिघाड आणि देखभाल

टू-स्ट्रोक इंजिन आता अभ्यासक्रमात दोन-तीन पानांपुरतेच उरले आहे. स्कूटर आणि मोटरसायकलींतून ते गेले, त्यामुळे विद्यार्थ्यांनी ते उघडलेलेही नसते. पण शेतातला फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, लाकूड कापण्याची चेनसॉ आणि जंगलात पालापाचोळा उडवणारा ब्लोअर या सगळ्यांत ते अजून जिवंत आहे. या टिपणासाठी मी ब्लोअर निवडला, कारण त्यात इंजिन आणि पंखा एकाच शाफ्टवर असतात. एकाचे निदान दुसऱ्यावरून करता येते.

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. सागाची पाने गळून जमिनीवर थर साचतो, मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि आग पसरते. मार्च २०२१ मध्ये बांधवगडच्या जंगलात लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. पूर्वी जाळरेषा साफ करायची तर झाडू आणि काट्याकुट्यांचे फराटे हेच साधन होते. वणवा विझवायला हिरव्या फांद्यांनी झोडपायचे. आता मेळघाटापासून कान्ह्यापर्यंत वनरक्षकांच्या पाठीवर ब्लोअर दिसतो. आगीच्या पुढे दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा पाल्यापासून मोकळा केला की जमिनीलगतच्या आगीला पुढे जायला इंधनच उरत नाही. हे काम माणसाच्या चालण्याच्या वेगाने होते. मात्र यंत्र सुरू झाले तर! आगीसमोर उभे राहून दोरी पंधरा वेळा ओढावी लागली, तर तेवढ्या वेळात आग पट्टा ओलांडून जाते.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात छोट्या इंजिनांची दुरुस्ती होते अशा एका शेडमध्ये मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. जानेवारीच्या शेवटी तिथे ब्लोअरची रांग लागलेली असते. बहुतेकांची तक्रार एकच, "चालूच होत नाही". आणि मिस्त्रीचे पहिले वाक्यही ठरलेले, "कारबोरेटर में कचरा है।" बऱ्याचदा ते खरे असते. पण कचरा आला कुठून, हा आपला प्रश्न आहे.

पंख्याचे गणित

क्रँकशाफ्टच्या एका टोकाला सेंट्रिफ्यूगल पंखा थेट बसवलेला असतो. मध्ये क्लच नाही, गिअर नाही. मोठ्या ब्लोअरचे इंजिन साधारण ५० ते ८० सीसीचे असते. समजा नळीतून सेकंदाला ०.३ घनमीटर हवा ९० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली तर जोर = १.२ × ०.३ × ९० = सुमारे ३२ न्यूटन. हवेच्या झोतातली शक्ती = ½ × १.२ × ०.३ × ९०² = सुमारे १४६० वॅट. पंख्यातले आणि नळीतले नुकसान धरता इंजिनाने दोन किलोवॅटच्या वर द्यायला हवे.

पंख्याचे नियम आठवा. हवेचे प्रमाण फेऱ्यांच्या समप्रमाणात, झोताचा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. फेरे १० टक्के उतरले तर जोर ०.८१ पट होतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. वापरणाऱ्याला "हवा कमी मारतो" एवढेच जाणवते.

इथे विद्यार्थी हमखास फसतात. नळी किंवा पाठीकडची हवा घेणारी जाळी पानांनी बुजली तर इंजिनावरचा भार वाढेल असे वाटते. घडते उलट. सेंट्रिफ्यूगल पंख्यातून जाणारी हवा कमी झाली की त्याला लागणारी शक्तीही कमी होते आणि इंजिनाची रेस चढते. म्हणून कानाने पहिले निदान करता येते. आवाज चढला आणि हवा घटली तर वाट बुजलेली आहे. आवाज उतरला आणि हवा घटली तर इंजिन कमजोर झाले आहे. पहिल्या प्रकारात यंत्र लगेच बंद करा, कारण बहुतेक रचनांत सिलिंडर थंड ठेवणारी हवासुद्धा याच पंख्याकडून येते. फेरे जास्त आणि थंडावा कमी, अशी दुहेरी मार बसते.

इंधन, तेल आणि इथेनॉल

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, म्हणून तिथे तेलाचा साठा ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलमध्ये मिसळूनच द्यावे लागते. ५०:१ प्रमाण म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-टी तेल. ४०:१ म्हणजे २५ मिलिलिटर. २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण हवे ते यंत्राच्या पुस्तिकेत असते आणि तेच पाळायचे. "थोडे तेल जास्त घातले तर इंजिन जास्त टिकते" हा समज खेड्यापासून कॉलेजच्या वर्कशॉपपर्यंत आहे. तेल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी बसते, म्हणजे मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय कार्बन साचून सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी बुजते. चारचाकीचे इंजिन ऑइल तर अजिबात घालू नये. ते जळण्यासाठी बनवलेले नसते.

आता इथेनॉल. देशात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. छोट्या इंजिनांच्या पुष्कळ पुस्तिका मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. यात तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

पहिला हवा-इंधन प्रमाणाचा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिश्रणाचे गणित केले तर उत्तर साधारण १३.५ येते. जुन्या पेट्रोलवर लावलेला कार्ब्युरेटर तोच ठेवला तर मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ होते. कारमध्ये सेन्सर ते सांभाळून घेतो. इथे सेन्सर नाही, पिस्टन तापतो.

दुसरा रबराचा. इंधनाच्या नळ्या, प्रायमरचा फुगा आणि कार्ब्युरेटरचे पडदे इथेनॉलने फुगतात आणि पुढे वाळून कडक होतात.

तिसरा पाण्याचा आणि माझ्या मते सर्वांत घातक. इथेनॉल हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी चार महिने पडून राहिली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. टू-टी तेल वरच्या पेट्रोलच्या थरातच राहते. टाकीतला फिल्टर मात्र वजनाने तळाशी पडलेला असतो. सुरुवातीला इंजिनात जाते ते जवळजवळ तेलाविना द्रव. एक तर यंत्र सुरूच होत नाही, आणि झालेच तर ते दुर्दैव म्हणायचे.

प्रयोगशाळेत करून पाहा, ज्योत आणि ठिणगीपासून दूर, मोकळ्या हवेत. मोजपात्रात १०० मिलिलिटर पेट्रोल घ्या, १० मिलिलिटर पाणी घाला, हलवून स्थिर होऊ द्या. खालचा थर १० ऐवजी ३० मिलिलिटरच्या आसपास दिसला तर इथेनॉल सुमारे २० टक्के आहे.

बिघाड शोधण्याची रीत

कार्ब्युरेटर उघडण्याआधी दोरी दहा वेळा ओढून स्पार्क प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर इंधन येत नाही. ओला असेल तर इंधन येते आहे, पण ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झाले आहे. कोरड्या प्लगच्या बाबतीत छिद्रात मिश्रणाचे चार थेंब टाकून प्लग लावा. इंजिन क्षणभर पेटून बंद पडले तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक, दोष इंधनाच्या वाटेवर. या एका चाचणीने अर्धे काम होते.

ठिणगी तपासताना प्लगचे धातूचे अंग सिलिंडरला टेकवा, पण प्लगच्या छिद्रापासून लांब. दोरी ओढली की तिथून इंधनाचे धुके बाहेर येते. प्लगची फट बहुतेक यंत्रांत ०.५ मिलिमीटरच्या जवळपास असते. इग्निशन कॉइल आणि फ्लायव्हील यांतले अंतर सुमारे ०.३ मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल कसतात, आणि ते चालते. यंत्र थंड असताना सुरू होते, वीस मिनिटांनी बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, अशा वेळी बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासा. नसेल तर कॉइलची वाइंडिंग तापल्यावर तुटते आहे.

असाच बंद पडण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि त्यात लोक उगाच पैसे घालवतात. दहा मिनिटे चालून यंत्र मरते. यंत्र थंड होऊ द्या आणि मग टाकीचे झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन हवा आत गेली आणि यंत्र पुन्हा चालू झाले, तर टाकीत हवा जाण्याचे भोक बुजले आहे. इंधन उपसले जाते, हवा आत येत नाही, निर्वात तयार होतो. ब्रीदर साफ करायला काहीच खर्च नाही.

कार्ब्युरेटर मोटरसायकलसारखा फ्लोटचा नसतो. पाठीवरचे यंत्र वाकते, तिरके होते, म्हणून इथे दोन पडदे असतात. एक क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर हलून इंधन ओढतो, दुसरा एका बाजूने बाहेरच्या हवेच्या दाबाखाली राहून छोट्या तरफेने सुई उघडतो. दुसरा पडदा हाताला कागदासारखा कडक लागला, तर नुसते धुऊन उपयोग नाही. पडदे आणि पॅकिंगचा संच बदला. बारीक भोके तारेने कोरू नका. तारेने जेट मोठा झाला की तो कार्ब्युरेटर पुन्हा नीट लागत नाही. क्लीनर आणि दाबाची हवा पुरे, पण हवा मारताना पडदे काढलेले असू द्या.

कॉम्प्रेशन गेजवर सहा बारपेक्षा कमी आले तर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने पिस्टन पाहा. हे पाच मिनिटांचे काम आहे. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर बहुधा मिश्रण पातळ होते किंवा थंडावा कमी पडला. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर कोणीतरी तेल न घालता पेट्रोल भरले. इनटेकच्या बाजूला मळकट घासल्यासारखे दिसले तर एअर फिल्टर फाटका आहे आणि धूळ आत गेली. पिस्टन बदलण्याआधी कारण सापडलेच पाहिजे, नाहीतर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

रेस सोडल्यावरही फेरे खाली येत नसतील, तर आयडलिंगचा स्क्रू फिरवून भागवण्याचा मोह होतो. तो टाळा. क्रँकशाफ्टचे ऑइल सील किंवा कार्ब्युरेटरचे पॅकिंग हवा ओढत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ती हवा मिश्रण पातळ करते. पूर्ण रेसचे मिश्रण लावताना कानावर भरवसा न ठेवता टॅकोमीटर वापरा. पंखा कायम जोडलेला असल्याने ब्लोअर प्रत्येक वेळी भाराखालीच चालतो. पुस्तिकेतले कमाल फेरे नळ्या जोडलेल्या असताना पाहायचे.

जूनमधले काम

फेब्रुवारीतली रांग खरे तर जूनमध्ये तयार होते. हंगाम संपला की यंत्र चौकीच्या कोपऱ्यात ठेवले जाते, टाकीत उरलेल्या इंधनासह. म्हणून १५ जूनच्या आसपास टाकी पूर्ण रिकामी करा, प्रायमर दाबून नळ्यांतले इंधन काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग चोक लावून पुन्हा दोन-तीनदा प्रयत्न करा. कोरडे ठेवल्याने पडदे वाळतात असे काही मिस्त्री म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण पडद्यांचा संच स्वस्त आहे आणि पिस्टन-सिलिंडर महाग. प्लग काढून छिद्रात थोडे टू-टी तेल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग लावा आणि पिस्टन वर आणून ठेवा, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट बंद राहील. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. आत ओल कोंडते. खुंटीला टांगलेले बरे.

हंगामात रोज संध्याकाळी एअर फिल्टर झटका, सिलिंडरच्या पंखांमधली माती ब्रशने काढा, जाळी पाहा. मिश्रण पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढेच बनवा आणि डब्यावर तारीख लिहा. इंधन भरताना यंत्र पाठीवरून खाली उतरवा, थंड होऊ द्या, आगीच्या रेषेपासून दूर भरा आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर सरकून मगच दोरी ओढा. पाठीवर पेट्रोल घेऊन माणूस आगीकडे चालतो आहे. गळकी नळी "उद्या बघू" म्हणून सोडायची नसते.

कानाचेही पाहा. वापरणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. ८५ डेसिबलला आठ तास आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा या नियमाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात. वनमजूर तास न् तास हे यंत्र चालवतो, आणि त्याला दिलेले इअरमफ अनेकदा खोक्यातच राहते.

सरावासाठी

१. नळीतून ०.२५ घनमीटर प्रति सेकंद हवा ८० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. झोताचा जोर आणि शक्ती काढा. (उत्तर : २४ न्यूटन, ९६० वॅट)

२. याच ब्लोअरचे फेरे १५ टक्क्यांनी घटले तर जोर किती न्यूटन उरेल?

३. ब्लोअर पाच मिनिटांनी बंद पडतो. प्लग कोरडा आहे, ठिणगी चांगली आहे, टाकीचे झाकण उघडताना आवाज येत नाही. पुढची तपासणी कोणत्या क्रमाने कराल आणि का?