पियानो वगळला, जॅझ मोकळे झाले

ऑर्नेट कोलमन यांच्या चौकडीने नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वादन सुरू केले आणि जॅझविश्वात उभी फूट पडली. काहींना ती नव्या युगाची नांदी वाटली, तर काहींना निव्वळ गोंगाट. ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ ही याच चौकडीची ध्वनिमुद्रिका. हॉलिवूडमध्ये २२ मे १९५९ रोजी ती ध्वनिमुद्रित झाली.

तिचे वेगळेपण कशात? चौकडीत पियानोच नाही. पियानोच्या कॉर्ड एरवी वादकाच्या स्वरविस्ताराला मार्ग आखून देतात. तो आधार नसल्याने कोलमन यांचा प्लास्टिकचा सॅक्सोफोन, डॉन चेरी यांचे कॉर्नेट, चार्ली हेडन यांचा बेस आणि बिली हिगिन्स यांचे ड्रम परस्परांना ऐकतच वाट शोधतात. ‘लोन्ली वुमन’मध्ये ड्रम द्रुत लयीत धावतात; धून मात्र त्यावर संथपणे तरंगते.

संग्राहकांनी लेबल पाहावे. ‘अटलांटिक’च्या १३१७ क्रमांकाच्या पहिल्या मोनो तबकडीवर ते काळे, तर स्टिरिओवर हिरवे असते, पंख्याचे चिन्ह असलेल्या तबकड्या नंतरच्या. एकेकाळी गोंगाट ठरलेल्या या वादनाचा समावेश अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत केला.