उंचीउंचीवरची हवा आणि झडपांचे वेळापत्रक

सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत हिवाळ्यातील थंड पहाटे धूर जमिनीलगत किती साचतो, हे जाणण्यासाठी मनोऱ्यावरील निरनिराळ्या उंचींची हवा मोजावी लागते. प्रत्येक उंचीला स्वतंत्र वायुविश्लेषक, म्हणजे हवेतील वायूंचे प्रमाण सांगणारे यंत्र, बसवले तर यंत्रायंत्रांतील किरकोळ तफावतच उंचीचा फरक म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो. म्हणून सर्व उंचींवरून हवा आणणाऱ्या नळ्या एकाच यंत्राकडे आणून विद्युत झडपा आळीपाळीने उघडतात.

खरी कसोटी झडप किती वेळ उघडी ठेवावी ही आहे. आतून 4 मिलिमीटर व्यासाच्या 30 मीटर नळीत सुमारे 377 मिलिलिटर हवा मावते, आणि मिनिटाला एक लिटर प्रवाह असल्यास ती बदलण्यास जवळजवळ 23 सेकंद लागतात. हा विलंब टाळण्यासाठी वेगळा पंप सर्व नळ्यांतून हवा सतत ओढत ठेवतो. तरीही यंत्राच्या मोजणी-कक्षात आधीच्या उंचीची हवा उरतेच. कक्ष 50 मिलिलिटरचा असून त्यात हवा पूर्ण मिसळत असेल, तर तेवढ्याच प्रवाहात 15 सेकंदांनी जुन्या हवेचा अंश एक टक्क्याखाली येतो, आणि त्यापूर्वीची वाचने निष्ठुरपणे टाकून देणेच योग्य ठरते. पाच उंचींना प्रत्येकी 60 सेकंद दिल्यास फेरी पाच मिनिटांत पूर्ण होते व अर्ध्या तासात प्रत्येक उंचीची सहा वाचने मिळतात.