कुरुपाला मूळ नसतं

प्रवरेकाठचं कोल्हार अहिल्यानगर-मनमाड रस्त्यावर आहे. नगरकडून शिर्डीला पायी निघालेले साईभक्त या गावावरून बाभळेश्वर, राहात्याकडे जातात. भोवताली उसाची शेती. चालणारे आणि राबणारे पाय इथे रोजचेच, आणि त्या पायांना होणारी कुरुपंही.

‘काटा आत मोडून राहिला, म्हणून कुरूप झालं,’ असं अनेकजण सांगतात. आत राहिलेला काटा पिकतो, सुजतो. त्याचा त्रास निराळा. कुरूप होतं ते एकाच जागी सतत दाब आणि घर्षण सोसल्यामुळे. आखूड किंवा चवड्यावर आवळणारा बूट, झिजलेली चप्पल, वाकडं बोट, तळव्याचं पुढे आलेलं हाड ही खरी कारणं. कातडी बचावासाठी जाड होते आणि मधोमध खिळ्यासारखा कठीण गाभा तयार होतो. त्याचं टोक आतल्या बाजूला रुतलेलं असतं, म्हणून पाऊल टेकताच कळ येते.

या गाभ्यालाच लोक मूळ समजतात आणि ब्लेड घेऊन बसतात. पण ती निव्वळ मेलेली कातडी असते. डॉक्टरांनी ती तासून काढली तर सहसा दुखतही नाही. मात्र चप्पल तीच राहिली, तर काही आठवड्यांत कुरूप पुन्हा तिथेच येतं.

गावठी उपायांत बिब्बा सर्वांत घातक. सुईत टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल सुटतं, ते कुरुपावर लावतात. ते तेल दाहक असतं. भोवतालची चांगली कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही बिनधोक नाही. तिच्यात साधारण ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असतं. पट्टी सरकली की तेही चांगल्या कातडीला खातं.

कुरूप संसर्गजन्य नाही. पसरते ती तळव्यावरची चामखीळ, आणि ती विषाणूमुळे होते. दोन्हींत गल्लत फार होते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते आणि तासली की काळे ठिपके दिसतात. कुरूप सरळ दाबल्यावर दुखतं.

घरी करायचं ते सोपं आहे. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून वज्रीने हलक्या हाताने घासावा, पुसून युरियाचं मलम लावावं. बोटं मोकळी राहतील अशी, मऊ तळाची पादत्राणं घ्यावीत, तीही संध्याकाळी. दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं, त्यामुळे खरं माप मिळतं.

मधुमेह असणाऱ्यांनी मात्र यातलं काहीच स्वतःच्या हाताने करू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही. कोल्हारच्या शेजारी लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ब्लेड, बिब्बा किंवा पट्टी हाती घेण्याआधी पाय तिथे दाखवावा.